खांबाचं पोट

मंगरूळच्या मुलींच्या शाळेपुढे नव्या मिस्तरीचा पहिला पांढरा खांब उभा राहिला, आणि विजयमाला दोऱ्याचं रीळ हातात घेऊन थबकलीच. वीस वर्षांची, शाळेत नुकतीच लागलेली शिवणाची मास्तरीण ती — माप घेतल्याशिवाय चैन कुठली? तिनं खांबाला दोरा गुंडाळला. तळाशी एवढा... आणि छातीच्या उंचीवर चार बोटं जास्त.

"मिस्तरी, खांबाले पोट सुटलं."

शिडीवरून जगदेवनं खाली पाहिलं. भुवया चुन्यानं पांढऱ्या, डोळे मात्र काळेभोर. "जेवण जास्त झालं त्याचं, बाई," तो हसला. विजयमालालाही हसू फुटलं, उगाच पदर सावरावासा वाटला.

पण फाटकापाशी तिच्या बाबांनी, जानरावांनी, ते ऐकलं होतं. इमारतीचा सारा कारभार त्यांच्याकडे. उद्या खांब पाडा आणि नागपूरची वाट धरा, असं मिस्तरीला बजावून ते निघून गेले.

शाळा सुटल्यावर ती घाईनं आली. जगदेव गाठोडं बांधत होता. त्यानं एक चित्र पुढे केलं. ग्रीसमधलं देऊळ... छप्पर गेलेलं, खांब मात्र राजासारखे उभे.

"अगदी सरळ खांब दुरून कमरेत बारीक दिसते. तिथल्या गवंड्यायनं अडीच हजार वर्षांआधी हे ओळखलं, बाई. नजर चुकते, म्हून मधात पोट देऊन दगडानं सांभाळून घ्याचं."

पाहणाऱ्याच्या नजरेची एवढी काळजी! काय माणसं असतील ती... आणि हा?

"मंग बाबांले काहून नाही सांगितलं?"

"तुमी हसून राह्यल्या होत्या. मी सारं विसरलो."

सकाळी तिनं बाबांना फाटकात उभं केलं. पडवीच्या टोकाला आधीच्या गवंड्याचा खांब होता. तो कमरेत बारीक झाला म्हणून जानरावांनीच त्या गवंड्याला घालवलं होतं. तिनं त्यांच्या हाती दोरा दिला. जानरावांनी त्या खांबाला तळाशी, मधे, वर माप लावलं. तिन्ही सारखी! ते परत फाटकात गेले, दोन्ही खांब कितीतरी वेळ न्याहाळले.

"चारही खांब तुमच्या याच्यासारखेच होऊ द्या, मिस्तरी," एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर जगदेवनं तो दोरा मागितला — आठवण म्हणून. ती त्याच्या मनगटावर बांधायला गेली, तसा त्यानं हात मागे घेतला.

"तिथं नोका बांधू... राखी होईन."

विजयमाला लाजली. मग दोरा स्वतःच्याच मनगटाभोवती फिरवून तिनं गाठ मारली, अलगद काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"बांगड्यायचं माप हाय," ती हळूच म्हणाली. "याच्यात चार बोटं वाढवू नोका."