हात छातीवर

एमआरआयच्या चित्रात निरोगी स्नायू काळसर दिसतो आणि चरबी पांढरी. स्नायू झिजवणाऱ्या एका आनुवंशिक आजारात स्नायूच्या जागी चरबी भरते, काळं हळूहळू पांढरं होत जातं. सव्वीस वर्षं मी हे यंत्र चालवतोय. कुणाचे पाय किती दिवस साथ देतील हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं, आणि तोंडातून ब्र काढायची सोय नसते.

त्या दोघी बहिणी दर वर्षी यायच्या. थोरली चाकांच्या खुर्चीत, धाकटी ती ढकलत. धाकटीच्याही मांड्यांत पांढरं शिरलं होतं आणि वर्षागणिक वाढत होतं. शेवटच्या खेपेला थोरली दारातूनच म्हणाली, "काका, मला आत स्टुलावर बसवा ना. नुसता हात ठेवते हिच्या मांडीवर. घाबरट आहे हो ही, तोंडानेच काय ती शूर."

"हात चित्रात येतो," मी म्हणालो. "नियम म्हणजे नियम."

पुढे केलेला, करंगळी आत वळलेला तो हात तिने मागे घेतला. चार महिन्यांनी ती गेली. माझा तो नियम मला अजून खातो.

पुढच्या वर्षी धाकटी एकटीच आली. "हात छातीवर," मी सांगितलं, वरून पट्टाही बांधला. पडद्यावर चित्रं उमटू लागली. उजव्या मांडीवर एक पालथा पंजा होता.

"हात हलवलास का गं?" मी माइकवरून विचारलं.

"नाही, काका." मग जरा थांबून, "मांडीवर काही राहिलंय का? गार लागतंय."

मी आत जाऊन पाहिलं. पट्टा जसाच्या तसा, दोन्ही हात छातीवर. पुन्हा स्कॅन घेतला. पंजा तिथेच, करंगळी आत वळलेली. सगळा पांढरा झालेला, फक्त अंगठ्याच्या मुळाशी काळा पट्टा शिल्लक.

डॉक्टर माझ्यावरच उखडले. "इतक्या वर्षांनी तुम्ही पेशंटचा हात चित्रात येऊ देता?" मग मांड्या गेल्या वर्षीच्या चित्रांशी ताडून पाहिल्या. पांढरं तसूभरही वाढलं नव्हतं. "असं होत नाही हो," एवढंच म्हणाले.

काल ती पुन्हा आली.

"अजून चौथा मजला चढते, काका," टेबलावर आडवी होताना म्हणाली. "घर सोडायचं नाहीये मला. ताईचं सगळं तिथेच आहे."

पट्टा बांधून झाल्यावर मी म्हणालो, "जरा डावीकडे सरक. उजवीकडे जागा राहू दे."

तिने कारण विचारलं नाही. सरकली.

मांड्या गेल्या वर्षीसारख्याच आहेत.

पंजाही आहे.

हिच्या वाट्याचं पांढरं जणू त्यानेच घेतलं; त्यात आता काळं काहीच उरलेलं नाही. तिला पुढच्या वर्षीची तारीख मी देऊन ठेवली आहे.