चौऱ्याऐंशी मेगाबाइट

‘मारवा’ अजून बाजारात यायचा होता, पण त्याच्या गुणांची चर्चा मात्र लग्नघरातल्या मेनूसारखी रंगली होती. मारवा म्हणजे बावधनच्या त्रिकूट कंपनीचा नवा प्रोसेसर, टेबलावरच्या संगणकांसाठी बनवलेला. ‘चिपचावडी’ नावाच्या संकेतस्थळावर रोज नवी अटकळ येई. चोवीस गाभे म्हणजे कोअर असणार, वीज निम्मी लागणार! अटकळी कसल्या, सगळं तंतोतंत खरं. आतलंच कुणीतरी फितूर आहे, असं मृदुला खासनीसने ठरवून टाकलं. ती पडताळणी विभागाची प्रमुख होती, आणि संशय घेणं हेच तिचं काम होतं.

मग तिने सापळा लावला. गाभ्याशेजारी जी छोटी, चपळ ‘निकटस्मृती’ म्हणजे कॅश मेमरी असते, तिच्या आकाराचे पाच खोटे आकडे तिने आपल्या यंत्रावर तयार केले आणि विभागातल्या पाच जणांना एकेक आकडा कागदावर छापून दिला. वर सही आणि वेळ घेतली. त्यातला चौऱ्याऐंशी मेगाबाइट हा आकडा कालच चिपचावडीवर झळकला. तो फक्त हणमंत चौगुलेच्या कागदावर होता.

आता हणमंत तिच्या टेबलापुढे उभा होता. संचालक सबनीसांना जेवणाच्या सुट्टीआधी फितुराचं नाव हवं होतं. नाव गेलं की हणमंतची नोकरी जाणार, आणि या धंद्यात पुन्हा कुणी त्याला दारात उभं करणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मी कशाला फोडतोय ओ मॅडम? सहा वर्षं घातल्यात या चिपमध्ये.”

“मग आकड्याला पंख फुटले?”

“बातमी किती वाजता आली, बघितलं का तुम्ही?”

तिने बघितलं नव्हतं. आकडा दिसला आणि पुढचं काही बघायची तिला गरजच वाटली नव्हती. तिने पान उघडलं. बातमी काल सकाळी दहा पन्नासची होती. हणमंतच्या सहीखाली वेळ होती कालच्याच साडेअकराची.

“म्हणजे तवा आकडा तुमच्या यंत्राशिवाय कुठंच नव्हता,” हणमंत म्हणाला.

“चोराच्या उलट्या बोंबा!” मृदुलाचा आवाज चढला.

“तुमच्या यंत्रावरनं नेटवर काय काय गेलं, त्याची नोंद उघडा की. माझं खोटं असलं तर मी आत्ता राजीनामा देतो.”

तिने तावातावाने नोंद उघडली. काल सकाळी दहा एकेचाळीस: चिपचावडीवर शोध, ‘मारवा चौऱ्याऐंशी मेगाबाइट’. शोध तिच्याच यंत्रावरून गेला होता. त्या वेळी ती वरच्या मजल्यावर बैठकीत होती, आणि खोलीला कुलूप होतं.

“माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?”

“कुणी न्हाई. मारवानं केलंय.”

त्रिकूटची रीतच होती, की नवी चिप आधी सहा महिने ती बनवणाऱ्यांनीच आपापल्या टेबलावर वापरायची; मृदुलाच्या यंत्रातही तीच होती. आणि मारवाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ‘पूर्वकरण’. माणूस पुढे काय करणार, याचा सवयीवरून अंदाज बांधायचा आणि ते काम आधीच करून ठेवायचं. अंदाज बरोबर आला तर उत्तर हातात तयार. चुकला तर केलेलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात, आणि त्यात वेळ जायचा.

“पण अंदाजाने केलेलं काही यंत्राबाहेर पाठवायचं नाही,” मृदुला म्हणाली. “तो नियम मी स्वतः लिहिलाय.”

“पाठवायचं न्हाई, एवढंच लिहिलंत. वाचायला मोकळीक दिली. शोध घेणं म्हणजे वाचणं, असं तुम्ही धरलं. पण काय वाचायचंय ते सांगतानाच आकडा बाहेर जातोय की ओ! नियम ठरला त्या बैठकीत मी म्हणालो होतो.”

म्हणाला होता. आणि “डिप्लोमाला हे शिकवत नाहीत वाटतं,” असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. बाकीचे चौघे बड्या संस्थांतून आलेले. ते हसले होते. इचलकरंजीच्या पॉलिटेक्निकमधून आलेला हणमंत खाली बघत बसला होता.

“आणि आधीच्या बातम्या?” तिने विचारलं, पण आता आवाजात जोर नव्हता.

“रोज सकाळी तुम्ही तिथं काय शोधताय?”

“आपलं काही फुटलंय का, ते…”

ती मध्येच थांबली. चोवीस गाभे, निम्मी वीज, सगळं तिनेच तिथे शोधलं होतं. कधी स्वतःच्या बोटांनी, कधी मारवाने तिच्या वतीने. शोध त्रिकूटच्या इंटरनेट-पत्त्यावरून येतोय म्हटल्यावर संकेतस्थळाच्या मालकाला फितुराची गरजच काय होती? त्याने नुसते तिचे प्रश्न वाचले.

“पण आकडे पाच होते,” ती हळूच म्हणाली. “तुझाच का?”

“अंदाज एका वेळी एकच करतंय ते. सगळ्यात जास्त शक्यता असंल तोच.”

ती शक्यता कुणाची, हे तिच्या सवयीनेच मारवाला शिकवलं होतं. पंधरा दिवस रोज सकाळी तिने सगळ्यांत आधी हणमंतचीच हजेरीची नोंद उघडली होती. त्याचीच का, याचं एकही कारण तिला आता स्वतःशीसुद्धा धड सांगता येईना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने सबनीसांसाठी पत्र उघडलं. ते क्षणात उघडलं आणि आत मजकूरही तयार होता: ‘फितुराचे नाव: हणमंत चौगुले.’

मृदुलाने ते खोडलं आणि टाइप करायला घेतलं, ‘गळती माझ्या यंत्रातून, मी लिहिलेल्या नियमामुळे झाली. चौगुले निर्दोष आहेत.’ पण अक्षरं उमटेनात. एकेका शब्दाला यंत्र अडखळत होतं, थांबत होतं, मागचं पुसून पुन्हा सुरुवात करत होतं.

“हँग झालं काय?” हणमंतने वाकून विचारलं.

“नाही. अंदाज चुकतोय त्याचा.”

सहा महिने मारवा तिची प्रत्येक सवय शिकत होता, आणि ती आपली चूक कबूल करेल ही शक्यता त्याने एकदाही धरली नव्हती.

“बस तू,” ती त्याला म्हणाली. “वेळ लागेल.”