गोदूचा माईक चालू ठेवा

"अहो बाई, पाय उचला. वायरवर उभ्या आहात तुम्ही."

अंकुश साळवी गोदूशी बोलला ते हे पहिलं वाक्य. तेही मान वर न करता. मांडवाच्या टेबलाखाली तो गुडघ्यांवर बसला होता, दातांत चिकटपट्टीचा तुकडा, हातात वायरचं भेंडोळं.

"बाई नाही, गोदावरी घरत," ती ठसक्यात म्हणाली. "आणि मी इथं उभी आहे कारण ही खुर्ची माझी आहे. कॉमेंट्रीची."

आता मात्र त्यानं वर पाहिलं. बघतच राहिला... चिकटपट्टी दातांतून कधी गळून पडली ते त्याला कळलंही नाही.

"मग पाय राहू द्या," तो म्हणाला. "वायर मी दुसरीकडून नेतो."

पंचाण्णव सालचा जानेवारी होता. पनवेलच्या केबलवाल्या कमलाकरशेठनं मुलींच्या कबड्डीचे सामने घरोघरी थेट दाखवायचं ठरवलं होतं. शाळेमागच्या मैदानात तांबड्या मातीवर पाणी मारून पट्टे आखले होते, आणि एका बाजूच्या मांडवात बोलणाऱ्यांचं टेबल होतं. टेबलाशी दोन खुर्च्या. एक निवृत्त शिक्षक चारुदत्तसरांची, 'प्रेक्षकहो' म्हणाले की श्वास घ्यायला विसरणारे. दुसरी गोदूची. कामोठ्याच्या संघातून ती चढाया करायची, गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला, आणि आता ती शाळेत मुलींना खेळ शिकवत होती. बोलायची मात्र अशी, की ऐकणाऱ्याला मैदान दिसावं.

अंकुशनं तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला. त्याला जोडलेली माईकची दांडी त्यानं तिच्या ओठांजवळ आणली, आणि त्याची बोटं मध्येच थबकली.

"दोन बोटं अंतर... आणि जरा कडेला. अगदी समोर आला तर 'प' आणि 'फ' म्हणताना घरोघरी फटाके फुटतील."

"म्हणजे कबड्डीत 'पकड' म्हणायचं नाही?"

"म्हणा. हळू फोडा."

ती हसली नाही, पण तिच्या गालाला खळी पडली. त्यानं घाईघाईनं टेबलावरचं लाल बटण दाखवलं. "खोकला आला की हे दाबायचं. आणि अधूनमधून माझा आवाज तुमच्या कानात येईल. तुम्ही उत्तर द्यायचं नाही, नाहीतर अख्खं पनवेल ऐकेल."

"तुम्ही वाटेल ते बोलणार, आणि मी गप्प?"

"बोलणार नाही हो वाटेल ते..."

पण बोललाच. सामना सुरू झाला तसा तिच्या कानात हलकेच आवाज आला — "छान चाललंय." मग थोड्या वेळानं, "सरांना जरा थांबवा, ते आता रामायणात शिरलेत." गोदूनं लाल बटण दाबलं आणि पोट धरून हसली. पलीकडे, मांडवाच्या टोकाला आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरपाशी बसलेला अंकुश काहीच न केल्यासारखा आकाशाकडे बघत होता.

मध्यंतरानंतर सामना रंगला. पेणच्या मुलीनं बोनस घेतला, उरणच्या मुलींनी साखळी धरून तिला वेढलं, आणि गोदू स्वतःला विसरली. शाळेतली मराठी कुठल्या कुठे गेली. "धरलाय पाय, धरलाय! सोडू नको गं... अजून दम हाय तिच्यात, नाय सोडायची!" खुर्चीवरून ती अर्धी उठली होती. तिचा आवाज तिच्याच कानात घुमत होता, आणि तिला वाटत होतं, नवीन पनवेलला मावशीकडे आई हे ऐकत असेल... कामोठ्यात केबल अजून पोचली नव्हती, म्हणून गोदूची आई भीमाबाई शेजारणींना घेऊन मुद्दाम मावशीच्या टीव्हीसमोर जाऊन बसली होती.

कानात अंकुशचा आवाज मात्र पुन्हा आला नाही.

सामना संपल्यावर ती जवळजवळ धावतच मावशीकडे गेली. दार उघडं होतं. बायका चहा पीत होत्या.

"काय गं आई? कसं वाटलं?"

भीमाबाईनं कपबशी खाली ठेवली. "पयलं आयकलं गो, बरं बोललीस. मंग तुला उठवलं का काय तितून? आमाला तं नुसता त्या सरांचाच आवाज येत व्हता."

"मी बोलत होते की! शेवटपर्यंत!"

"नाय गो," आई हळूच म्हणाली. "तू नवतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश वायरी जोडत होता. पावलं वाजली, त्यानं मान वर केली, आणि तिचा चेहरा बघूनच समजला.

"माझा माईक बिघडला होता?"

खोटं बोलायला एवढी सोपी वाट होती. अंकुशनं ती घेतली नाही.

"नाही. मी खाली केला."

"का?"

"शेठ येऊन उभे राहिले. म्हणाले, ही हाय-नाय करायला लागली, घराघरातली माणसं काय म्हणतील? हिचा आवाज खाली घे." त्यानं मिक्सरवरच्या एका पट्टीकडे बोट केलं. "मी घेतला."

"पण मला ऐकू येत होतं! माझ्या कानात माझा आवाज..."

"तो वेगळा सोडता येतो." त्याची नजर जमिनीवर. "तो मी चालू ठेवला. तुम्हाला... वाईट वाटू नये म्हणून."

गोदूची कानशिलं तापली. म्हणजे ती उठून, हात उडवून, जीव तोडून बोलत होती, आणि हा समोर बसून तिच्या कानात तिचाच आवाज सोडत होता! वेड्याला खेळणं द्यावं तसा!

"तोंडावर सांगितलं असतंस तर मी तिथून उठून गेले असते," ती म्हणाली. रागात 'तुम्ही' कधी सुटलं ते दोघांनाही कळलं नाही. "माझी आई बायका गोळा करून बसली होती. आणि तू मला भिंतीशी बोलायला लावलंस!"

"भिंतीशी नाही. मी ऐकत होतो. माझ्या हेडफोनवर येत होतं सगळं..." तो अडखळला. "असं बोललेलं मी आजवर ऐकलं नाही."

त्यानं हे मनापासून म्हटलं होतं, पण त्याहून वाईट वाक्य त्याला त्या घडीला सापडलं नसतं.

"अस्सं! म्हणजे गावाला बंद, आणि तुला एकट्याला कार्यक्रम?" तिनं हेडफोन उचलला आणि त्याच्या छातीवर लोटला. "तुझी हौस झाली ना? आता या खुर्चीत कमलाकरशेठला बसव!"

त्या दिवशीचे सामने एकट्या चारुदत्तसरांनी सांगितले. अंकुशनं पट्ट्या वर-खाली केल्या, पण कान रिकामे वाटत होते. कमलाकरशेठ खुशीत होते. "बघ, कसं स्वच्छ चाललंय." अंकुशला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या हाताचा. शेठनं नुसतं सांगितलं होतं. पट्टी ओढली होती या हातानं.

दुपारी सामने आटोपले तसा तो टेम्पो घेऊन थेट कामोठ्याला गेला. शाळेच्या पटांगणात गोदू मुलींकडून धावण्याच्या फेऱ्या करून घेत होती. त्याला बघून तिनं शिट्टी इतक्या जोरात फुंकली की मुली जागच्या जागी थिजल्या.

"माफी मागायला आलो."

"मागितलीस. जा."

"उद्या अंतिम सामना आहे. तुम्ही या. मी एक तोड काढलीय — तुमच्या माईकची वायर मिक्सरला न लावता टेबलाखालून थेट पुढे नेतो. शेठला पत्ताच लागणार नाही. त्यांनी पट्टी खाली केली तरी तुमचा आवाज जाईल."

त्याला वाटलं होतं, ती निवळेल. ती आणखी भडकली.

"चोरून? मी चोरून बोलू? माझ्या आईची भाषा आहे ती, हातभट्टीची दारू नाही टेबलाखालून न्यायला!" मुली कान टवकारून ऐकत होत्या. तिला त्याची पर्वा नव्हती. "माझा माईक चालू ठेवायचा असेल तर त्या शेठच्या तोंडावर सांगून ठेव. जमत नसेल तर माझ्या गावात पुन्हा टेम्पो आणू नकोस."

वाऱ्यानं तिची बट गालावर येत होती, आणि ती रागारागानं मागे सारत होती.

"सांगतो," अंकुश म्हणाला आणि निघाला.

अंतिम सामन्याच्या दिवशी मैदान तुडुंब भरलं होतं. माणसं शाळेच्या गच्चीवर चढली होती. कमलाकरशेठ पाहुण्यांना हार घालून मांडवात आले, आणि अंकुश त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"शेठ, आज दोन्ही माईक चालू राहतील. ती कसंही बोलली तरी."

"कोणी ठरवलं?"

"मी. पटत नसेल तर आत्ताच सगळं उचलतो."

शेठनं गर्दीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ऐनवेळी पनवेलात दुसरा साऊंडवाला कुठून आणणार? "सामना होऊ दे," ते दात आवळून म्हणाले. "मग बघतो तुझ्याकडे."

हे सगळं मांडवाच्या खांबाआड उभ्या असलेल्या गोदूनं ऐकलं. ती येऊन खुर्चीवर बसली. चेहरा अजून तसाच, कडक. टेबलावर एक लहान टीव्ही ठेवलेला होता.

"हा कशाला?"

"आज तुमच्या उजव्या कानात माझ्याकडून काही येणार नाही," अंकुश वायर खोचत म्हणाला. "केबलवरून घराघरात जे पोचतंय, तेच या टीव्हीतून तुमच्या कानात येईल. मी पट्टी खाली केली तर त्याच क्षणी तुम्हाला कळेल." तो थांबला. "विश्वास ठेवा, असं म्हणत नाही मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग माईक ओढला — ओठांपासून बरोबर दोन बोटं, जरा कडेला.

पहिला डाव ती जपून, तोलून बोलली. प्रत्येक वाक्यानंतर उजवा कान टवकारायची. आवाज येत होता. पुन्हा बोलायची. येत होता. हळूहळू तिचे खांदे सैल झाले.

शेवटची चढाई उरणची होती. गुण बरोबरीत. उरणची सडपातळ पोर मध्यरेषा ओलांडून आत शिरली, आणि गोदू उठून उभी राहिली.

"आली बघा, आली! एकटी हाय, पन डोले बगा तिचे... कोपऱ्यातली पुढं सरकली, सांबाल गो! हात लावला — लावला हात! आता परत फिर! घोटा धरलाय तिचा, घोटा धरलाय..."

चारुदत्तसरांनी 'प्रेक्षकहो' म्हणायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. स्वतःचं लाल बटण दाबून ते मागे टेकून बसले.

तेवढ्यात गोदूला दिसलं — कमलाकरशेठ मिक्सरपाशी गेले होते. त्यांचा हात पट्टीकडे येत होता. अंकुशनं आपला पंजा पट्टीवर पालथा ठेवला. शेठ काहीतरी ओरडले. त्यानं हात हलवला नाही. शेठनं त्याचं मनगट धरून ओढलं... तो पंजा तसाच.

तिच्या उजव्या कानात तिचा आवाज खणखणीत वाजत होता.

"सरपटते हाय!" ती ओरडली, आणि डोळ्यांत पाणी कधी आलं ते तिला समजलं नाही. "बोटं पुढं टाक... टाक गो पोरी! रेघ शिवली! शिवली! उरण जिकला!"

मैदान उसळलं. ढोल वाजले. त्या गोंधळात शेठनं अंकुशला जे सुनावलं ते बऱ्याच जणांनी ऐकलं. केबलचं काम गेलं, उद्यापासून दारात दिसायचं नाही. केबलच्या कचेरीत त्या संध्याकाळी फोनही आले. काही जण म्हणाले, हे काय गावठी लावलंय. काही म्हणाले, ती मुलगी पुन्हा कधी आहे?

ऊन उतरलं तेव्हा मैदान रिकामं होतं. अंकुश वायरी गुंडाळून टेम्पोत टाकत होता. गोदू तरातरा चालत आली.

"काम घालवलंस?"

"हो."

"कोणी सांगितलं होतं घालवायला? मी माईक चालू ठेव म्हटलं होतं!"

"दोन्ही एकाच वायरवर होतं," तो म्हणाला.

ती टेम्पोचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि दार धाडकन लावून घेतलं. "कामोठ्याला सोड."

कळंबोलीच्या अलीकडे त्यानं टेम्पो कडेला घेतला. खाडीवरून वारा येत होता. बाजूनं ट्रक घोंघावत जात होते. त्यानं स्टीअरिंगवर बोटांनी ताल धरला, सोडला, पुन्हा धरला.

"मला... एक म्हणायचं होतं. म्हणजे, तुम्हाला वेळ असेल तर... तसं घाईचं नाही..."

"डिझेल संपलं?"

"नाही."

"मग?"

"त्या दिवसापासून... म्हणजे तुम्ही वायरवर उभ्या होतात ना, तेव्हापासून मला..."

"अरे देवा!" गोदू कडाडली. "शेठच्या तोंडावर बोलताना वाचा होती, आता कुठं गेली? मी आवडते तुला. हो का नाय?"

"हो..."

"मंग बोल की तसं! आणि मलाबी इचार."

त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. तिचे डोळे अजून रागानं चमकत होते, पण ओठांचे कोपरे थरथरत होते, आणि गालावर ती खळी आता लपता लपत नव्हती.

"तुला... मी...?"

"हाय," गोदू म्हणाली. "लय राग हाय तुझा. आणि तू आवडतोस. दोन्ही हाय. गाडी चालू कर, आई वाट बघत असंल. तुझ्याबद्दल तिला काय सांगायचं, ते जाईपर्यंत ठरवू."

त्यानं गिअर टाकायला हात खाली नेला. तिचा हात आधीच तिथं होता. त्यानं काढला नाही... आणि तिनंही नाही.