मलमपट्टीच्या वासाची बिअर

चंद्राच्या पोटातल्या गुहानगरीत बिपीन कुडाळकर दोन गोष्टींवर कॉलर ताठ करून फिरायचा: आपलं पाणी आणि आपली बिअर. नगरीचं पाणी शुद्ध करणं त्याची नोकरी. बिअर फावल्या वेळातली, खोलीतच आंबवलेली.

नव्या बिअरचा पहिला घोट घेतला आणि डॉक्टर शलाका मुळगुंद यांनी तोंड वेडंवाकडं केलं. "बिपीन, ही बिअर आहे की मलमपट्टी?"

त्यानं हुंगलं. खरंच की! जखमेवरच्या पट्टीचाच वास.

"बाटल्या ब्लीचनं धुतल्यास, कबूल कर."

"हाड! मी बाटल्यांना नुसती वाफ देतो. हा क्लोरोफेनॉलचा वास आहे. आंबताना फेनॉल सुटतं, त्याला क्लोरीन भेटला की झालंच. कणभर असला तरी नाकाला कळतो."

"मग क्लोरीन आला कुठून?"

"पाण्यातून तर नाहीच. पाणी तपासणारा माझा जलवेधक शून्य दाखवतोय."

"शून्य म्हणजे कितीच्या खाली?"

"पिण्याला चालतं त्याच्या खाली सगळं शून्यच..." बिपीन बोलता बोलता थांबला. जंतू मारायला पाण्यात क्लोरीन तोच घालायचा. मग करवंटीच्या कोळशाची गाळणी तो शोषून घ्यायची. वास आला, म्हणजे कोळसा दमला.

बाटल्यांवर ढकललं असतं तर खपून गेलं असतं. पण बाटल्या त्यानं स्वतः वाफवल्या होत्या.

"बाटल्या स्वच्छ आहेत, डॉक्टर. पाणी चुकलंय. म्हणजे मीच."

शलाकांच्या हातातला पेला खाली आला. "वामनकाका!"

शेतकक्षात बार्ली पिकवणाऱ्या वामनकाकांची मूत्रपिंडं निकामी होती. दिवसाआड डायलिसिस, याच पाण्यावर. पोटाला चालणारा क्लोरीन रक्ताला चालत नाही, तांबड्या पेशी फोडतो. काका आठवडाभर पांढरेफटक दिसत होते, शलाका औषधं बदलून थकल्या होत्या. आणि आत्ता काकांना मशीनला जोडत होते.

दोघं उड्या मारत पोचले तेव्हा नर्सच्या हातात सुई होती.

"थांबा!"

कोळसा बदलला. काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. नगरप्रमुखांनी नियमच काढला: डायलिसिसच्या नळाच्या पाण्याची बिअर कायम आंबत राहिली पाहिजे. बिपीनच्या दारावर पाटी लागली, 'जलवेधक दुसरा'.

पुढची बिअर फक्कड जमली. नाकही न मुरडता सगळ्यांनी पेले रिकामे केले. ते बघून काका निर्धास्तपणे मशीनकडे निघाले, दारात वळले.

"बिपीन, ती वासाची उरलेली बाटली ओतलीस का रे?"

"छे! फळीवर ठेवलीय. वरच्या."

"असू दे तिथंच. आयुष्यात दारूला शिवलो नाही मी. पण ती बाटली माझी."