मागचं डावं चाक

टायर घ्यायला निघताना खेमसिंग पोटभर जेवून निघायचा. उपाशी माणूस घाई करतो आणि घाईत घेतलेली वस्तू जन्मभर रडवते, ही त्याच्या बापाची शिकवण. बाप अर्थात टायर नाही, बैल घ्यायचा. बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरणारी ही बंजारा माणसं. बैल गेले, चाकं आली. खेमसिंगनं मोडीत निघालेली एक बस घेतली, आतली बाकं उपटली, एका कोपऱ्यात चूल मांडली, एका कडेला बाज टाकली आणि मधल्या जागेत मिठाची पोती रचली. बायको हंसाबाई आणि चार वर्षांची रुपी, एवढ्यांचं घर ते. बाजार असेल तिथे मुक्काम. लोक तिला घरगाडी म्हणत.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात बाभुळगावच्या सडकेवर घरगाडीचा मागचा डावा टायर फुटला. गाडी अशी कलंडली की बाजेवर झोपलेली रुपी थेट चुलीपाशी येऊन पडली. खरचटण्यावर निभावलं, पण खेमसिंगच्या काळजात जे धस्स झालं ते काही केल्या जाईना.

"आता असा टायर आणा," हंसाबाई म्हणाली, "का पोरीच्या केसाले धक्का लागला नाही पाह्यजे."

घरात ही माणसं बंजाऱ्यांची गोर बोलीच बोलत. मी आपल्याला समजेल असं सांगतोय.

तर खेमसिंग जेवून, पान खाऊन, लोहाऱ्याच्या वाटेवर विठ्ठलरावांच्या आवारात आला. तिथे जुन्या टायरांच्या चळती लागलेल्या असायच्या आणि उन्हात तापलेल्या रबराचा वास डोक्यात जायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस, त्यानं ताक फुंकलंच पाहिजे. प्रत्येक टायरात हात घालून त्यानं आतून चाचपलं, बगला दाबून पाहिल्या, खिळ्याचं टोक लावून रबर जिवंत आहे की वाळलंय ते तपासलं. पण त्याची खरी परीक्षा वेगळीच होती. तो टायर धुळीत चालवायचा आणि त्याचा माग बघायचा. बैल घेताना बाप हेच करी. जनावराचं तोंड खोटं बोलेल, माग खोटं बोलत नाही, म्हणे.

एक टायर सरळ गेला. धुळीत नक्षी अशी उमटली, जशी हंसाबाईच्या ओढणीची किनार. खेमसिंग खूश झाला आणि त्या खुशीतच चुकला.

तांड्यात बैल विकत घेतला की आधी विचारायचं, कुणाच्या घरचा, कसा सुटला. उत्तर मनाला पटलं तरच त्याच्या पाठीवर हात ठेवून तीनदा म्हणायचं, "चाल, घर चाल." मग निघायचं आणि वळून बघायचं नाही. असं बोलावलेलं जनावर नव्या घराचं होतं, जुन्या दावणीला पळून जात नाही. जनावर परत करायचं झालं, तरी नेऊन सोडताना मागे पाहायचं नाही, नाहीतर ते पुन्हा पाठ धरतं. खेमसिंगनं केलं काय, तर आधी कळस मग पाया. काहीच न विचारता टायरावर हात ठेवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "चाल, घर चाल... घर चाल... घर चाल."

"कायले बोलता टायराले?" विठ्ठलराव हसले. "तो का बैल हाय?"

"सवय हाय, मालक."

टायर बसला. गाडी लोण्यासारखी चालू लागली. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या गावी खेमसिंग खाली उतरला आणि सहज मागे पाहतो तर डाव्या चाकाच्या चाकोरीशेजारी लहान पोराची पावलं. अनवाणी. नुसती बोटं उमटलेली, टाच कुठेच नाही. असेल गावातलं पोर, मागे धावलं असेल. पण वेशीपासून मागे जाऊन पाहिलं तर पावलं थेट उजाड माळावरून येत होती, जिथे ना घर ना झाड. आणि परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

पुढच्या गावी तेच. त्याच्या पुढच्या गावीही तेच.

त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. हंसाबाईच एका सकाळी म्हणाली, "रुपी अर्धी भाकर कोणासाठी ठेवून राह्यली? मांगच्या पायरीवर?"

रुपीला विचारलं तर ती आनंदानं म्हणाली, "ते बसते ना तिथं. आत येऊ का, आत येऊ का, म्हणते..."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी म्हणलं, ये की."

त्या दिवशी पायरीवर धुळीचं पाऊल होतं. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी. हंसाबाई सारवल्यासारखं पुसून काढी आणि तासाभरात पुन्हा उमटे. दोघांना अन्न गोड लागेना, एका जागी बसवेना. गाडी थांबली की वाटे चालवावी, चालली की वाटे थांबवावी. मग एका सकाळी रुपीच्या अंथरुणात, तिच्या पायाशी, धूळ सापडली. रुपीला कणकण होती.

"तिनं माझी जागा मागतली," ती पुटपुटली. "मी नाही म्हणलं."

बस्स. खेमसिंगनं गाडी वळवली ती लोहाऱ्यापर्यंत कुठे थांबवली नाही. पोर त्या जागेपासून लांबच बरी म्हणून आवाराच्या अलीकडे अर्ध्या कोसावर थांबला. तिथे सडकेच्या कडेला कडुनिंब होता, त्याच्या सावलीत गाडी उभी करून त्यानं चाक काढलं. भर दुपार होती. धूळ अशी तापलेली की वहाणेतूनही चटका बसावा. मिठाच्या पोत्यावर बसून रुपी त्याच्याकडे बघत होती.

"मी तो टायर परत करून येतो," तो हंसाबाईला म्हणाला. "पोरीले खाली उतरू देऊ नोको."

टायर ढकलत तो एकटा निघाला. सडकेवर चिटपाखरू नव्हतं. थोडा पुढे गेला असेल, तोच मागून धुळीत पावलं वाजली. लहान, भरभर.

"बा..."

आवाज रुपीचा होता. हुबेहूब.

"बा, थांब ना... बा, मले घे..."

वा गं वा, तो मनात म्हणाला, आता माझ्या पोरीचा आवाज काढतेस! त्यानं दातओठ खाल्ले, मान ताठ केली आणि टायर जोरात ढकलला. आवाज रडू लागला. रडता रडता धापा टाकू लागला. बापाचं काळीज, तीळतीळ तुटत होतं, पण बापानं शिकवलेलं त्यानं मोडलं नाही. आवाराच्या फाटकापर्यंत त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

विठ्ठलरावांनी टायर लगेच ओळखला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कोणाच्या गाडीचा होता हा?" खेमसिंगनं आता विचारलं.

"कापसाच्या लॉरीचा," विठ्ठलराव खाली बघत म्हणाले. "एक पोट्टी आलती खाली. चार-पाच सालाची असंन. कोनाची, कुठली, काही समजलं नाही. कोणी तिले घरी न्यायले आलंच नाही, भाऊ..."

खेमसिंगला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. पण आपल्या पोरीपुढे दुसऱ्याची पोर कोण बघतो! त्यानं बदली टायर घेतला, या वेळी नीट विचारून, की तो कुणाच्या गाडीचा आणि कसा सुटला. तेवढ्यात पांढरकवड्याकडे निघालेला एक लॉरीवाला आला आणि समोरच पडलेला तो टायर घेऊन, चढवून गेलासुद्धा. खेमसिंगनं त्याला अडवलं नाही. ब्याद जितकी लांब जाईल तितकी बरी.

परतताना त्यानं धुळीत पाहिलं. चाकोरीच्या शेजारी लहान पावलं आवाराकडे गेलेली होती. आता टाचाही उमटल्या होत्या, पूर्ण, खोल. टेकली बाई जागेवर, असं म्हणत त्यानं सुटकेचा श्वास सोडला.

हंसाबाई दारातच हसत उभी होती. कितीतरी दिवसांनी हसत होती.

"पोरीचा ताप उतरला," ती म्हणाली. "तुम्ही गेले तशी माझ्या हातातून सुटून तुमच्या मांगं धावली होती. मी चप्पल घालून उतरतो, तं हे इथंच, पायरीवर बसलेली! भूक लागली म्हणे."

रुपी चुलीपाशी बसून जेवत होती. मन लावून, खाली मान घालून, कैक दिवसांची उपाशी असल्यासारखी. खेमसिंगनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कपाळ गार होतं.

"माय," ती म्हणाली, "आणखी भाकर दे."

हंसाबाईचा हात परातीतच थांबला. रुपीला बोलता यायला लागल्यापासून ती आईला 'याडी' म्हणायची. घरात दुसरा शब्दच नव्हता. 'माय' शेतकऱ्यांची लेकरं म्हणत.

"रुपी?" खेमसिंग म्हणाला.

पोरीनं मान वर केली. तोंडातला घास नीट चावून गिळला.

"ते तं गेली ना तुमच्या मांगं," ती गोर बोलीत नाही, स्वच्छ वऱ्हाडीत म्हणाली. "केवढ्या हाका मारून राह्यलती. तुम्ही पाह्यलंच नाही."

हंसाबाईनं तिचे दोन्ही खांदे धरले. "कुठी हाय ते? आता कुठी हाय माही पोर?"

पोरीनं हात लांब केला आणि पांढरकवड्याच्या सडकेकडे बोट दाखवलं. मग पुन्हा भाकरीकडे वळली.

"चाकामांगं चालून राह्यली," ती म्हणाली. "पाय लई भाजून राह्यले तिचे."