शेवटचा डोस कधी घेतला?

वॉर्डात नवा पेशंट दाखल झाला की चोवीस तासांच्या आत त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचं आणि घरी तो कोणकोणती औषधं घेतो ते त्याच्याच तोंडून लिहून घ्यायचं, हे रेसिडेंट फार्मासिस्टचं रोजचं काम. त्याआधी केसपेपर उघडायचा नाही, असा फार्मसीचे प्रमुख चेतन सर यांचा दंडक होता. वाचून गेलं की माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो, असं ते म्हणत. फॉर्मवर पाच रकाने असत: औषध, किती, कसं, कोण देतं, आणि शेवटचा डोस कधी घेतला. खाली शेऱ्यासाठी एक ओळ.

सिकंदराबादच्या त्या दोनशे खाटांच्या ट्रस्टच्या दवाखान्यात हर्षदाचं रेसिडेन्सीचं वर्ष जानेवारीत सुरू झालं होतं. आता सप्टेंबर होता. मधे जून येऊन गेला होता.

अठरा जूनला दुपारी सव्वाबाराला, राउंड चालू असताना, नानांचा फोन आला होता. तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले; आईवडील आणि ती तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये राहत. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, आता घेऊ का, एवढंच त्यांनी विचारलं. ती 'घ्या' म्हणाली आणि फोन ठेवला. कुठली गोळी, हे तिनं विचारलं नाही. रक्तदाबाची असती तर एक जास्त गेल्यानं फारसं बिघडलं नसतं. पण हृदयाचे ठोके आवरणारी असती, तर नानांच्या थकलेल्या मूत्रपिंडांना ती फार झाली असती. आई, प्रमिलाबाई, संध्याकाळी देवळातून परतल्या तेव्हा नाना खुर्चीत गेलेले होते. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. नाना गोळ्या चष्म्याच्या घरात ठेवत. त्या मोजून पाहाव्यात हे हर्षदाला सुचलं, तोवर नातेवाइकांनी गादी, कपडे, चष्म्याचं घर, सगळं नेऊन टाकलं होतं.

फोनचं तिनं आईला सांगितलं नाही. कुणालाच नाही. तीन महिने तिला एकच गोष्ट हवी होती: त्यांनी ती गोळी घेतली का. ते सांगू शकणारं कुणी उरलं नव्हतं.

सोमवारी बायकांच्या वॉर्डात गौलीगुड्याच्या सत्यवतीबाई आल्या, पायाला सूज म्हणून. हर्षदानं विचारलं आणि त्या सांगत गेल्या. ठोक्यांची गोळी, अडकित्त्यानं अर्धी करून. ताकाबरोबर. गोळ्या कुठे ठेवता? चष्म्याच्या घरात. शेवटचा डोस? तेरा जून, सकाळी सात. हर्षदानं सगळं लिहून घेतलं. हात सवयीनं चालत होता.

दुपारी चेतन सर फॉर्म घेऊन आले. बाई आयुष्यात एकही गोळी घेत नव्हत्या. त्यांना चष्माही नव्हता.

हर्षदा परत जाऊन त्यांच्याशी बोलली. बाई तिच्याकडे कीव आल्यासारख्या पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की बेटी, तू दुसऱ्या कुणाला विचारलं असशील.

मंगळवारी भोनगीरहून आलेली एक बाई होती. तिची तारीख निघाली चौदा जून, आणि अर्धी गोळी फरशीवर पडून सोफ्याखाली गेली म्हणून दुसरी कापावी लागली, असंही तिनं सांगितलं. घरी जाताना बसमध्ये हर्षदाच्या लक्षात आलं की त्या बाईला तेलुगूशिवाय दुसरी भाषा येत नाही. नर्स तिच्याशी तेलुगूतच बोलत होती. आणि ही हकिकत तर आपण मराठीत ऐकली.

घरी पोचल्यावर चप्पल न काढता ती सोफ्यापुढे गुडघ्यांवर बसली. पट्टी घालून तिनं खालचा कचरा ओढला. अर्धी गोळी होती. तिच्यावर धूळ बसली होती.

मग हे काय चाललंय असं स्वतःला विचारायचं तिनं सोडून दिलं आणि फक्त तारखा मोजत राहिली. बुधवारी पंधरा. गुरुवारी सकाळी सोळा, दुपारी सतरा. माणसं वेगळी, आजार वेगळे, आणि हकिकत एकाच माणसाची. एक दिवस राहिला होता.

शुक्रवारी सकाळी चेतन सरांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर पाचही फॉर्म ओळीनं मांडलेले होते. त्यांचा आवाज चढला नाही. खोटी हकिकत लिहिणं आणि चुकीचं औषध देणं यात मी फरक करत नाही, असं ते म्हणाले. सोमवारी समितीपुढे जायचं. तोवर तिनं खाली खिडकीवर औषधं द्यायची, वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही.

"सर, फक्त एक पेशंट द्या," हर्षदा म्हणाली. "एकच. मग वर्ष गेलं तरी चालेल."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझे वडील गेले तेव्हा मीही महिनाभर भलतंच लिहीत होतो," ते म्हणाले. "घरी जा, हर्षदा. आईजवळ बस."

ती घरी गेली नाही. चार वाजता भेटायला येणाऱ्यांसाठी दार उघडलं, तेव्हा तिनं पांढरा कोट खुंटीला टांगला आणि डबे, थर्मास घेतलेल्या बायकांच्या घोळक्यातून वर चढली. खिशात कोरा फॉर्म होता.

अकरा नंबरला प्रियदर्शिनी नावाची कॉलेजातली मुलगी होती, डेंग्यूची. सकाळीच आलेली. तिची आई खाली नारळपाणी आणायला गेली होती. मुलगी फोनवर काहीतरी बघत होती.

"कौन, मॅडम? डॉक्टर?" तिनं विचारलं.

हर्षदा स्टूल ओढून बसली. औषध, किती, कसं, हे काही तिनं विचारलंच नाही.

"शेवटचा डोस कधी घेतला?"

मुलीनं फोन पालथा ठेवला. उशीला टेकून ती समोरच्या भिंतीकडे बघू लागली.

"अठरा जूनला घ्यायची होती."

"घेतली?"

"हातात धरून बसले होते." आवाज तिचाच होता, पातळ, तापानं कोरडा पडलेला. "घेऊ का म्हणून फोन केला. ती घ्या म्हणाली. कुठली ते विचारलंच नाही."

हर्षदाच्या हातातलं पेन हललं नाही.

"घाईत होती. तिचं बरोबरच आहे, कामावर होती. पण अशी न विचारता सांगायची नाही ती. म्हटलं, लक्षात येईल, आणि फोन करील परत. म्हणून थांबले."

"कुठवर?"

"साडेपाच वाजले."

"गोळी घेतली नाही?"

"नाही ना. वाट बघत होते."

खाली रस्त्यावर बस थांबली आणि गेली.

मुलीनं मान वळवली. "हौ मॅडम, क्या पूछ रहे थे आप?"

हर्षदा जिना उतरली. गोळीनं काही केलं नव्हतं. तीन महिने तिला जे ऐकायचं होतं ते हेच होतं, आणि ऐकल्यावर ते गोळीपेक्षा जड होतं. पाच तास. त्या पाच तासांत तिनं तिच्याच तुकडीतल्या सायलीबरोबर कॅन्टीनमध्ये दोनदा चहा घेतला होता.

घरी गेल्यावर तिनं आईला फोनचं सगळं सांगितलं. ताटातला भात कालवून प्रमिलाबाईंनी तिच्यापुढे सरकवला, लहानपणी सरकवत तसा. हर्षदानं तो खाल्ला. हकिकत संपली होती. अठरा जूनच्या पुढे दिवसच नव्हता.

शनिवारी सकाळी ती खिडकीवर बसली असताना सायली वरून खाली आली. हातात फॉर्म होता.

"तुझं वेड मला लागलं की काय गं?" ती हसत म्हणाली, पण हसू टिकलं नाही. "सात नंबरचे हिम्मतराव. पक्षाघात आहे. कालपासून त्यांच्या तोंडून शब्द नाही. मग मी हे कुणाचं ऐकून लिहिलं?"

अक्षर सायलीचं होतं, गोल, नेटकं. औषध: नाव माहीत नाही. किती: एक चमचा पाणी, वर एक पान. कोण देतं: मुलगी.

शेवटचा डोस: एकोणीस जून, सकाळी सव्वाअकरा.

त्या दिवशी सव्वाअकराला तारनाक्याच्या हॉलमध्ये माणसं नानांना उचलायला वाकली होती. भटजींनी त्यांना थांबवलं आणि घरचं कोण आहे म्हणून विचारलं. हर्षदा पुढे झाली. नानांचे ओठ बोटानं उघडून तिनं गंगेचं पाणी घातलं आणि जिभेवर तुळशीचं पान ठेवलं.

"वाच ना," सायली म्हणाली. "खाली शेरा पण आहे."

हर्षदानं फॉर्म उजेडाकडे धरला.

शेरा: गिळता आलं नाही. अजून तोंडातच आहे.