चौथ्या खुर्चीचा श्वास

संगीताला मरण नसतं.

माझ्या दादाला होतं. तो चेलो वाजवायचा. म्हणजे ते मांड्यांत धरायचं थोराड व्हायोलिन.

प्रसंग शंभर टक्के खरा आहे. विनोदी लेख लिहून मी जन्म काढला, त्यामुळे माझं खरं कुणालाच खरं वाटत नाही, ते सोडा.

दादा आणि त्याचे तीन मित्र आधुनिक संगीत वाजवायचे. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, म्हणजे जरा जाड आवाजाचं व्हायोलिन, आणि एक चेलो. मला वाटायचं, शेजारी लोखंडी कपाट सरकवतायत. वहिनी दटावायची, "भावजी, मन मोकळं ठेवून ऐका जरा!"

समोर उभं राहून हात हलवणारा त्यांच्यात कुणी नसे. दादाच नाकानं जोरात श्वास घ्यायचा. सूं... की चौघं एकदम सुरू.

गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात दादानं श्वास घेतला...

आणि खुर्चीसकट कोसळला.

त्या रचनेत खुर्च्या आपटणं आधीच दोनदा झालं होतं. तिघांना वाटलं, दादाला आणखी काही सुचलं. ते वाजवत राहिले.

मी उठलो. वहिनीनं बाही ओढली.

"बसा हो! त्यातलंच आहे ते."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतंत तर...

तेव्हापासून वहिनीला एकच हवंय. दादाची चाहूल एकदा लागावी. माफी मागता यावी.

परवा भर दुपारी तिघं तिच्याकडे सरावाला जमले. चौथी खुर्ची रिकामी. खिडक्या बंद. कागद उडतात म्हणून पंखा मीच बंद केला.

आता इशारा कुणी द्यायचा, यावर तिघांची कुजबुज चालली होती.

तेवढ्यात...

सूं...

तिन्ही गज एकदम तारांवर पडले.

आणि तिथंच थांबले.

"तू दिलास?"

"मी कुठला! मला वाटलं, तू."

 तिसरा रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता.

श्वास आत गेला होता. सोडल्याचा आवाज... आलाच नाही.

मग पुन्हा. सूं...

मी दोन पावलं मागे सरलो. वहिनी मात्र डोळे मिटून, जिवाचा कान करून बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"ह्यांचं काहीच ऐकू येत नाही हो," ती म्हणाली. "रागावलेत. आता नाही यायचे."

मी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. 

सूं...

वहिनीनं वैतागून छताकडे पाहिलं.

"भावजी, तेवढा पंखा बंद करता?"